उंदरांवर होते मी

ताई,

मी ४६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. रोज सकाळी तळजाईवर फिरायला जाणारा आमचा सात-आठ जणींचा गट आहे. त्यातल्या एकीशी माझी नऊ वर्षांची घट्ट मैत्री. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसली होती ती हीच.

गेल्या महिन्यात तिच्याकडे सगळ्या जेवायला गेलो होतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत कोण काय करायचं, असा विषय निघाला. कुणी आजोळी कुरडया घालायचं, कुणी टायपिंगच्या क्लासला जायचं. ही म्हणाली, "मी उंदरांवर होते!" सगळ्या खो खो हसल्या. मग तिने सांगितलं. पेणला तिच्या मामांचा गणपतींचा कारखाना. सुट्टीत सगळी भाचरं तिकडे. मूर्तींना हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून पोरांना बाप्पाच्या पायाशी ठेवायचे सुटे उंदीर रंगवायला बसवायचे. "काय मजा यायची सांगू!"

ताई, माझा घास हातातच राहिला. मीही उंदरांवर होते. आठवी, नववी, दहावी, अशा तीन सुट्ट्या. माझं माहेर पेण तालुक्यातलं, हमरापूरजवळचं. वडील मिठागरावर, आई कारखान्यात घासकामाला. मी डझनावर उंदीर रंगवायचे. शेपूट मोडली तर पैसे कापायचे. त्या पैशांतून वह्या-पुस्तकं यायची, आणि एका वर्षी धाकट्या भावाचं औषधपाणी झालं.

मी गप्प बसले. पुण्यात हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माहेर विचारलं तर "पनवेलच्या पुढे" म्हणते. नवऱ्याला माहीत आहे, बारावीतल्या मुलीला नाही. मैत्रीण म्हणाली, "कानातला गुलाबी अगदी शेवटी लावायचा," तेव्हा "छे, आधी!" हे ओठांवर आलेलं मी गिळलं. घरी येताना आधी आनंद झाला. मग राग आला. तिची मजा आणि माझी मजुरी, आणि वर म्हणे दोघींचं काम एकच! मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण तिने माझं काय वाकडं केलंय?

आता गटाने ठरवलंय, मे महिन्यात पेण-हमरापूरला कारखाने बघायला जायचं. पुढाकार अर्थातच तिचा. माझी चुलत बहीण तिथे आजही कामाला जाते. कुणीतरी हाक मारणारच. सांगू का? सांगितलं तर कसं? की त्या दिवशी तब्येतीचं कारण काढू?

— उंदरांवरची

प्रिय उंदरांवरची,

तब्येतीचं कारण काढू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू. तुम्हाला बरं नाही म्हटल्यावर ही बाई सहल रद्द करून खिचडीचा डबा घेऊन तुमच्या दारात उभी राहील. दवाखान्यात रात्र काढलेल्या माणसापुढे असल्या थापा टिकत नाहीत. शिवाय आजवर तुम्ही तिच्याशी खोटं बोललेल्या नाही आहात. "पनवेलच्या पुढे" हे भूगोलाला धरून आहे. पनवेलच्या पुढे रत्नागिरीही आहे आणि गोवाही, पण ते सोडा. खोटं म्हणता येणार नाही. मग आता पन्नाशीच्या तोंडावर पहिलं खोटं कशाला?

पत्र वाचून मी आधी हसले, हेही कबूल करते. माणसं बँकेत कॅशवर असतात, एस.टी.त गाडीवर असतात, शाळेत घंटेवर असतात. "उंदरांवर" असलेली दोन माणसं नऊ वर्षं एकाच टेकडीवर शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकींना पत्ता नाही! मग शेपटीचे पैसे कापण्याशी आले आणि हसू थांबलं.

तर दोघींचं काम एकच होतं का? कामाकडेच आधी बघू. बाकीच्या वाचकांना पेणचा गणपती भाद्रपदात दिसतो. पेणमध्ये तो बारा महिने असतो. विसर्जन झालं की जरा उसंत, की पुन्हा नवा माल. शाडूचा मूळ नमुना, त्यावरून रबराचा साचा, साच्यात प्लास्टर आणि बळकटीला काथ्या. मग हात जोडायचे, पॉलिश पेपरने घासायचं, पांढरा मारायचा, अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिन्यांचं सोनेरी, आणि सरतेशेवटी डोळ्यांची आखणी, जिच्यासाठी पेणचं नाव घेतात. यातलं रंगाचं काम होईल तेवढं पावसाआधी ओढायचं असतं. रायगडातला पाऊस एकदा सुरू झाला की माल वाळता वाळत नाही. बोटीने परदेशी जायच्या मूर्ती तर त्याच्याही कितीतरी आधी खोक्यांत बंद होतात. म्हणजे एप्रिल-मे ही घाई, आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. कारखान्याला हात हवे असतात आणि गावात पोरांचे हात रिकामे असतात. मामांकडे भाचरं येतात तीही तेव्हाच. एकाच मे महिन्याने तुम्हा दोघींना उंदरांपुढे आणून बसवलं. एकीला पाहुणी म्हणून, एकीला कामाची म्हणून.

हाताला विचाराल तर काम एकच. तोच दोन बोटांचा उंदीर डाव्या हाताच्या चिमटीत, शेपूट वर ठेवून. तोच करडा, तोच दातांचा पांढरा ठिपका, हातातल्या लाडवाचा पिवळा. सोनेरी पावडर तिच्याही नखांत गेली असेल आणि भाताबरोबर तिच्याही पोटात गेली असेल. मांडी घालून बसल्याने पाठ दोघींची धरली असेल.

फरक उठण्यात आहे. कंटाळा आला की ती ब्रश टाकून कैऱ्या पाडायला जाऊ शकत होती. तुम्हाला डझन पुरा केल्याशिवाय उठता येत नव्हतं. तिच्या हातून शेपूट मोडली की मामा म्हणाले असतील, "वेंधळी आहेस." तुमच्या हातून मोडली की चार आणे गेले. एवढाच फरक, पण तीन सुट्ट्या रोज भोगलेला. तो तुम्हाला आज लागतोय यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गंमत म्हणजे कायदाही हीच रेघ ओढतो. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत केली तर चालते, काम धोक्याचं नसलं की झालं. आता "घरचं" म्हणजे कुणाचं, हेसुद्धा कायद्यात लिहून ठेवलंय. आईवडील, भावंडं, आत्या, काका, मावशी आणि मामा. मामा! म्हणजे आज तुम्ही दोघी तेरा वर्षांच्या असतात तर मामांच्या कारखान्यातले तिचे उंदीर कायद्यात बसले असते आणि शेजारच्या कारखान्यातले तुमचे उंदीर गुन्हा ठरले असते. तुमच्या सुट्ट्या १९९५ च्या आगेमागे असणार. तेव्हा बंदी काही ठरावीक कामांपुरतीच होती, त्यामुळे कुणी विचारायलाही आलं नसेल. पण एकच उंदीर दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी असतो, हे तुमच्या मनाला जे त्या रात्री जेवणावर समजलं, ते दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांनाही समजलेलं होतं. ते न्याय्य आहे की नाही, हा वेगळा विषय. त्यात शिरले तर सदराची जागा संपेल.

एक मात्र तुमच्या पत्रात मला खटकलं. "आधी आनंद झाला" हे तुम्ही तीन शब्दांत उरकलंत. राग, लाज, मजुरी यांना चांगली जागा दिलीत. तो आनंद कसला होता? मला वाटतं, कानातला गुलाबी कधी लावायचा यावर मत असलेलं दुसरं माणूस या जगात आहे, याचा. तीस वर्षांत तुम्हाला असं माणूस भेटलं नव्हतं. नवऱ्याला तुमचं काम "माहीत आहे", पण त्याला काय कळणार की करड्यावर गुलाबी चढत नाही, मळकट दिसतो? तिला कळेल. आणि खरं सांगा, तुम्हाला त्या कारखान्यात कधीच मजा आली नाही? पत्र्याखाली दुपारी दोनला बायका काय काय बोलायच्या, कुणी कुणाच्या नकला करायचं, एखाद्या उंदराला मुद्दाम मालकासारखी मिशी काढली असेल की नसेल? मजा ही काय मालकाच्या भाचीची मिरास नाही. तुमच्या वाट्याची होती ती मजुरीच्या हिशेबात पुसून टाकू नका.

आता माझी एक फजिती सांगते. मी रत्नागिरीकडची. नववी-दहावीच्या सुट्ट्यांत एका बागायतदाराकडे अढीतले आंबे परतायला जात होते. काळोखी खोली, भाताचा पेंढा, त्यात थर लावून ठेवलेला हापूस. वाकून एकेक फळ हाताने चाचपायचं, पिकलेलं बाजूला, डागी वेगळं, हिरवं पुन्हा पेंढ्यात. संध्याकाळपर्यंत अंगाला पेंढ्याचं कूस लागून नुसती खाज. पुढे मुंबईत नोकरीला लागले. एकदा डब्याच्या सुट्टीत समोरची एक जण अढीचं वर्णन करायला लागली. अगदी बरोब्बर, वासासकट! माझा जीव हरखला. आणि मग कळलं की अढी तिच्या घरची होती. बाग तिची, खोली तिची, पिकलेला आंबा मध्येच चोखून खायचा हक्कही तिचा. मी काय करावं? सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमचं बरं होतं बाई. आम्ही एक उचलला असता तर हाकलून दिलं असतं." म्हटलं हसत, पण त्या हसण्याला कुणी फसलं नाही. डबे पटापट बंद झाले. दर वर्षी ती ऑफिसात पेटी आणायची, त्या वर्षी आणली नाही. पुढेही नाही. मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण जे दोघींनी बोलायचं ते मी दहा जणींत बोलले, तेही वीस मिनिटांच्या सुट्टीत, आणि ज्या बागायतदाराने मला कधी आंबा दिला नाही त्याचा राग तिच्यावर काढला. ती माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागली. फक्त आंब्याबद्दल पुन्हा बोलली नाही. मला अढी कळणारं एकमेव माणूस मी असं घालवलं.

म्हणून सांगते, सहलीपर्यंत थांबू नका. हमरापूरच्या रस्त्यावर तुमच्या चुलत बहिणीने हाक मारली आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुम्हाला खुलासा करावा लागला, तर ते सांगणं राहत नाही, पकडलं जाणं होतं. तिलाही ते लागेल. नऊ वर्षांची मैत्रीण, आणि सगळ्यांबरोबर कळलं!

तळजाईवरच सांगा. एक दिवस दोघीच लवकर निघा. चालताना सांगायला बरं असतं. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, दम लागला म्हणून मध्ये थांबता येतं. "मला तुला काहीतरी सांगायचंय" अशी सुरुवात नको. तिला वाटेल, पुन्हा ऑपरेशन निघालं की काय. गुलाबीवरून सुरू करा. "तू त्या दिवशी चुकीचं सांगितलंस. कानातला गुलाबी आधी लावतात." ती थांबेल. "तुला गं काय माहीत?" मग म्हणा, "मीही उंदरांवर होते. हमरापूरला. तीन सुट्ट्या. डझनावर."

"डझनावर" हा शब्द गाळू नका. तेवढा एक शब्द पुरे. कारखान्यातली भाची आहे ती, अंगणात डझनावर बसलेल्या मुली तिने पाहिलेल्या असणार. कदाचित त्यांच्याच पंगतीत बसून रंगवलंही असेल. वडील मिठागरावर होते, शेपटीचे पैसे कापायचे, औषधपाणी, हे सगळं त्याच सकाळी सांगायला हवं असं नाही. पण "डझनावर" हे पहिल्याच दमात यायला हवं. ते मागे ठेवून नुसती गंमत सांगितलीत, "अगं, मीपण!" करून टाळी दिलीत, तर पुढच्या खेपेला ती "आपली मजा" म्हणेल आणि तुम्हाला पुन्हा गिळावं लागेल. एकदा गिळलंय तेवढं बस झालं.

ती काय करेल ते मला सांगता येणार नाही, पण माणूस जसं दिसतंय त्यावरून बहुधा टेकडीवर किंचाळेल आणि मिठी मारेल. मारू द्या. तुम्हीही मारा. मग लगेच फोन काढून गटावर टाकायला निघाली तर मात्र मनगट धरा. हे गटात सांगायचं की नाही, कधी आणि किती, ते तुम्ही ठरवाल. तिची गोष्ट तिने सांगितली, तुमची तुम्ही सांगाल.

गप्प झाली तर? तर "तसं काही नाही गं, जाऊ दे" म्हणून तिची सुटका करू नका. आपल्याकडे "जाऊ दे" फार स्वस्त झालंय. राहू द्या जरा शांतता. पाचगावच्या बाजूला एखादा मोर ओरडेपर्यंत चालत राहा. तिला त्या रात्रीचं आपलं "काय मजा यायची" आठवत असेल आणि तुमचा थांबलेला घासही आठवत असेल. ते आठवू द्यावं.

आणि समजा "बिचारी गं तू" निघालं तोंडातून, तर त्यावर एकच उत्तर. "बिचारी कसली? माझे उंदीर तुझ्यापेक्षा चांगले होते." ते खरंच असणार. तीन सुट्ट्या डझनावर बसलेल्या हाताची रेघ आणि कैऱ्या पाडून आलेल्या हाताची रेघ सारखी कशी असेल? ती भाची आहे म्हणून तिच्या उंदरांना नावं ठेवली नसतील कुणी, तो भाग निराळा.

शेपटीचे पैसे कापणारा तुमचा मालक आणि तिचे मामा ही दोन वेगळी माणसं आहेत, एवढं मात्र मनाशी पक्कं असू द्या. त्या मालकाचा राग आला असेल तर येऊ द्या. माझ्याकडे लिहून पाठवा हवं तर, मी वाचेन. तिच्याकडे त्याची वसुली नको. माझी पेटी गेली ती त्यापायीच.

मुलीला सहलीच्या आधी सांगा, मैत्रिणीच्याही आधी सांगितलंत तर उत्तम. फक्त "आम्ही तुझ्या वयाचे असताना" ने सुरुवात केलीत तर ती कानात इअरफोनची बोंडं घालेल, आणि बरोबरच करेल. बारावीच्या पोरीला आईचे कष्ट ऐकायचे नसतात, आईची वात्रट गोष्ट ऐकायची असते. मिशीवाल्या उंदराची असली तर ती सांगा. बाकीचं ती विचारेल.

आता सहल. ती होऊ द्या, पण तिची सूत्रं थोडी तुमच्या हातात घ्या, कारण गटात कारखान्याच्या आतून विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. तुमची मैत्रीणही करेल, पण मामांच्या ओटीवरून. आधी चुलत बहिणीला फोन करा. मे महिना म्हणजे तिची कमाई. सात-आठ जणी मोबाइल घेऊन अरुंद शेडमध्ये शिरल्या, ओल्या रंगाच्या मूर्तींमधून ओढण्या सावरत फिरल्या, प्रत्येकीने तिला थांबवून "हे कसं करता हो?" विचारलं, तर तिचं तेवढं काम राहिलं. नगावर काम करणाऱ्या बाईशी केलेल्या गप्पांचे पैसे तीच भरत असते. म्हणून तिलाच विचारा, कुठल्या कारखान्यात गेलेलं चालेल, किती वाजता. जेवणाच्या सुट्टीत गेलात तर ती मोकळेपणाने बोलेल. कामावरच्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, हे गटाला गाडीतच सांगून ठेवा. आणि निघताना नुसतं "किती सुंदर!" म्हणून निघू नका. या वर्षीच्या मूर्तीची मागणी तिथेच नोंदवा.

अजून एक होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. गटातली एखादी शेडच्या मध्यभागी उभी राहून मोठ्याने विचारणार, "अजून पीओपीच वापरता?" बसलेल्या बायका मान वर करणार नाहीत, पण ऐकतील. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. तिथून हा वाद चालला आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण आपल्या परवानगीशिवाय नदी, तलाव, समुद्रात विसर्जन नाही, असंही बजावलं. प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही, हे खरंच आहे. शाडू विरघळतो, पण तो जड, वाळायला वेळ घेणारा, ठेच लागली की तुटणारा आणि महाग, हेही खरं आहे. प्रश्न विचारणारीने शाडूची मूर्ती जास्त पैसे देऊन, छोटी, आणि आजच मागवावी. दोन्ही बाजू बोलता येतील असं माणूस त्या गाडीत तुमच्याशिवाय कुणी नाही. पनवेलच्या पुढच्या बाईला हे येणार नाही, हमरापूरच्या बाईला येईल.

हाक मारतील तेव्हा ओ द्या. लग्नाआधीच्या नावाने मारतील, तेव्हाच्या बोलीत मारतील. तुमच्या तोंडूनही त्याच बोलीत उत्तर गेलं तर गट थोडा चकित होईल. होऊ दे की.

आणि बहिणीला फोन कराल तेव्हा दोन कच्चे उंदीर बाजूला काढून ठेवायला सांगा, घासलेले, न रंगवलेले. पैसे देऊन घ्या. पुण्याला आल्यावर एका रविवारी तुम्ही दोघी खाली मांडी घालून बसा (पाठ धरली तर पाट घ्या) आणि तो गुलाबी आधी की शेवटी, याचा काय तो निकाल लावा. माझ्या देव्हाऱ्याखालच्या खणात आमच्या जुन्या गणपतीपुढचा एक उंदीर आहे. तुमचं पत्र आल्यावर चष्मा लावून त्याचे कान बघितले. एका कानात गुलाबी करड्याच्या खाली गेलाय आणि दुसऱ्यात वर आलाय. कुणाच्या हातचा असेल ते तुम्हीच सांगा.